आगाऊ पोरांच्या बाजूनं

गुणी लेकरू कुणाला म्हणायचं, हे आपल्या कुठल्याही वस्तीत जाऊन विचारा. विचारल्याबिगर बोलत नाही ते. काही मागत नाही ते. मारलं तरी मुसमुसतं, पण हुंदका बाहेर काढत नाही ते. पाव्हणं आलं की आतल्या खोलीत जातं, आणि आतली खोली नसली तर मोरीच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. असलं लेकरू दिसलं की बाया म्हणतात, किती गुणाचं गं बाई, घरात हाय का न्हाई ते कळत सुदिक न्हाई.

घरात आहे का नाही तेही कळत नाही! दोस्तांनो, ही तारीफ गाठोड्याची झाली. माणसाच्या पोराची नव्हे.

मी हे भांडायसाठी लिहितोय. भांडण दोघांशी आहे. एक त्यांच्याशी, जे म्हणतात की ‘यांच्या मुलांना चारचौघांत वागता येत नाही.’ आणि दुसरं आपल्याशी. आपल्या अजेंड्यावर गायरान आहे, शिष्यवृत्ती आहे, बॅकलॉग आहे, अत्याचाराच्या केसेस आहेत. असायलाच पाहिजेत. पण तीन वर्षांचं पोर चारचौघांत उभं कसं राहतं, बोलतं कसं, भांडतं कसं आणि भांडण मिटवतं कसं, हा विषय काढला की कार्यकर्ता घड्याळाकडं बघतो. म्हणतो, ते बायकांचं बघू द्या. बाई म्हणते, शाळेत शिकवतील. शाळा म्हणते, घरी संस्कार नाहीत. पोर मधल्या मधे गप्प बसतं, आणि आपण त्याला गुणी म्हणतो.

शहरात याचे क्लास निघालेत. ‘सोशल स्किल’ म्हणतात त्याला. फी भरा, पोराला सोडा, ते डोळ्यांत बघून बोलायला, प्लीज-थँक्यू म्हणायला शिकून येतं. मी त्याला हसत नाही. त्या शब्दातला बाजार बाजूला काढला तर आत जे उरतं ते खरंच लागतं. आपली पाळी येईपर्यंत थांबणं. समोरच्याला काय वाटतंय ते ओळखणं. हवं ते मागणं, नको ते नको म्हणणं. राग आला तर हात न उचलता राग सांगणं. रुसून कडेला बसलेल्याला परत खेळात घेणं. हे पोटातून कुणी शिकून येत नाही. अगदी लहान वयात, दुसऱ्या पोरांच्या अंगाला अंग लावून खेळताना ते यायला लागतं. माझं भांडण या गोष्टीशी नाही. ही गोष्ट कुणाची म्हणून मोजली जाते, त्याच्याशी आहे.

बघा. कॉलनीतलं पोर पाव्हण्यांच्या बोलण्यात तोंड घालतं तेव्हा ‘किती स्मार्ट’. आमचं घालतं तेव्हा ‘आगाऊ’. त्यानं शंभर प्रश्न विचारले तर चौकस, आमच्यानं दोन विचारले तर शेफारलेलं. त्यानं वर्गात उठून सरांची चूक दाखवली तर कॉन्फिडन्स, आमच्यानं दाखवली तर माज. मग टपल्या खाऊन खाऊन आमचं पोर गप बसायला शिकलं, की तेच सर पालकसभेत मान वाकडी करून सांगतात, ‘तुमची मुलं बोलतच नाहीत हो. घरी तसं वातावरण नसतं ना.’ बोललं तर माज. नाही बोललं तर वातावरण.

हे नुसतं माझं मत आहे असं ज्याला वाटतं त्याला पुरावा देतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन संशोधक बायांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत ६४२ पोरं घेतली. सहावी-सातवीतली. निम्मी वरच्या म्हणवणाऱ्या जातींची, निम्मी आपली. कागदावरच्या भूलभुलैयातनं वाट काढायची कोडी दिली. जात पुकारली नाही तेव्हा दोन्हीकडची पोरं सारखीच निघाली. दुसऱ्या गटांत नाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि मग कोडी दिली. आपल्या पोरांची सुटलेली कोडी घसरली. डोकं तेच, पेन्सिल तीच, कागदही तोच. खोलीत फक्त जात येऊन बसली होती. २००६ साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या मोठ्या जर्नलमधे हे छापून आलंय. आमच्या आयांना ते कुठलंही जर्नल न वाचता ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी.

आणि चांगलं वागून काय होतं, त्याचाही हिशेब झालेला आहे. १९०१ सालची गोष्ट. साताऱ्याहून चार पोरं बापाला भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. अंगात इंग्रजी तऱ्हेचे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. बोलणं स्वच्छ. वागणं इतकं नेटकं की स्टेशनमास्तरला वाटलं, ही ब्राह्मणाची मुलं. कुणाची रे तुम्ही, त्यानं मायेनं विचारलं. नऊ वर्षांच्या भीमानं खरं ते सांगितलं, म्हार. मास्तरचा चेहरा फिरला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. पुढं गाडीवाला मिळेना. मिळाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. रात्री नाक्यावर पाणी पाहिजे होतं. तिथं पोरांनी आपण मुसलमान असल्याचं सांगितलं, तेही उर्दूतनं. तरी पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधे हे सगळं लिहून ठेवलंय.

आता सांगा, त्या पोरांमधे कुठलं स्किल कमी होतं? कपडा होता, भाषा होती, नम्रपणा होता, माणूस बघून भाषा बदलायची हुशारी होती. नऊ वर्षांच्या पोरानं पाण्याच्या घोटासाठी आपली ओळख लपवून परक्या भाषेत बोलावं, यापेक्षा जास्त ‘सोशल स्किल’ जगातल्या कुठल्या क्लासनं शिकवलंय? कमी होतं ते स्टेशनमास्तरमधे. चारचौघांत कसं वागायचं हे त्या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायची गरजही कुणाला वाटली नव्हती.

हे जुनं झालं, असं कुणी म्हणेल. २०२२ च्या ऑगस्टमधे राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यातलं पोरही नऊच वर्षांचं होतं. घरच्यांची तक्रार अशी की शाळेतल्या मडक्याला हात लावला म्हणून मास्तरनं मारलं. पोर मेलं. पुढं माठ होता का नव्हता, मास्तरनं मारलं ते कशासाठी, यावर मोठमोठी माणसं वाद घालत बसली. एकशे एकवीस वर्षांत वादाची भाषा तेवढी सुधारली.

म्हणून मी म्हणतो, वागायला शिकवायचंच असेल तर शिकवणी दोन्ही घरांत लावा. ‘त्यांच्याकडं खायचं नाही हं’ हे वाक्य चार वर्षांच्या सवर्ण पोराला कुणी शिकवलं? पुस्तकानं नाही. आईनं, आजीनं, हळू आवाजात, प्रेमानं शिकवलं. डबा कुणाबरोबर खायचा, कुणाच्या घरी ‘नुसतं पाणी’ पण घ्यायचं नाही, हे पहिलीत जायच्या आधी ते पाठ करून आलेलं असतं. वर ते प्लीज-थँक्यू सुंदर म्हणतं, म्हणून ते संस्कारी. सरकारही त्यांचीच काळजी करतं. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बलांच्या पोरांना दिल्या, त्या २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं पळवाट काढून बंद करायला घेतल्या. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट! हायकोर्टानं जुलैत ते रद्द केलं म्हणून वाचलं. दोन घरची पोरं एका बाकावर बसूच नयेत, मग ती एकमेकांशी वागायला शिकणार कुठं? चंद्रावर?

तर हे एक भांडण झालं. ते चालूच राहील.

आता आपल्या घरात या.

मी काही कार्यकर्ते बघितलेत. सभेत आवाज असा की माईक नको. समतेवर दोन तास बोलतील. आणि घरात पाऊल टाकलं की पहिला शब्द ‘गप!’ पोरगं काहीतरी दाखवायला आलेलं असतं, कागदावर काढलेला हत्ती नाहीतर खरचटलेलं कोपर. ‘गप बस, दिसत नाय का मी बोलतोय.’ पोरगी पाणी आणून देणार, पोरगा पाय पसरून बसणार. पोरगा शिवी देतो तेव्हा बाप हसतो, वाघ आहे म्हणतो. पोरगी आवाज चढवते तेव्हा आई तिला चिमटा काढते. मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली. तिची राख आपल्याच चुलीपाशी अजून गरम आहे, आणि फुंकर कोण घालतंय ते बघा.

१४ एप्रिलचं सांगतो, आणि हे सांगताना काही जण रागावणार आहेत. स्टेजवर पाच वर्षांचं पोर उभं करतात. निळा कोट, डोळ्यांवर काचा नसलेला चष्मा, हातात पुस्तक. ते बोट वर करतं आणि एका दमात म्हणतं, ‘माझ्या तमाम बंधू आणि भगिनींनो.’ पाठ केलेलं पानभर भाषण. टाळ्या. नोटा. मामा त्याला खांद्यावर घेतो. सोमवारी तेच पोर शाळेत चड्डी ओली करून बसतं, कारण ‘बाई, मला लघवीला जायचंय’ एवढं चार शब्दांचं वाक्य त्याच्या तोंडातनं फुटत नाही. त्याला भाषण येतं. बोलता येत नाही.

बोलणं आणि घोकणं यांतला फरक आपल्याच इतिहासात स्वच्छ लिहिलेला आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुक्ता. लहान पोर. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मधे तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कुठला, असं ती थेट देवालाच विचारते. हे तिला कुणी पाठ करायला दिलं असतं तर ते इतकं टोकदार झालंच नसतं. जोतिबा-सावित्रीबाईंनी अक्षरं दिली, आणि पोरीचं म्हणणं पोरीला मांडू दिलं. आपण उलटं करतो. आपलं म्हणणं पोराच्या तोंडात कोंबतो आणि त्याचं म्हणणं गिळायला लावतो.

राहुलाची गोष्ट विहारात सांगतात, पण तिच्यातलं जे घ्यायचं ते कुणी घेत नाही. राहुल सात वर्षांचा होता, असं परंपरा सांगते. बुद्ध त्याला भेटायला गेले. पाय धुतले, भांड्यात थोडं पाणी ठेवलं आणि विचारलं, राहुल, हे एवढंसं उरलेलं पाणी दिसतं का? मग ते ओतलं, भांडं पालथं केलं, उताणं केलं, आणि दर वेळी विचारलं. जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही त्याच्यातलं चांगलं असंच उरतं, असंच सांडतं. मग आरशाचं विचारलं. आरसा कशासाठी असतो? बघायसाठी. तसंच काही करायच्या आधी, करताना आणि करून झाल्यावर बघायचं, यानं मला, दुसऱ्याला, दोघांना दुखणार आहे का? संपलं. छडी नाही, नरकाची भीती नाही, ‘मी सांगतो म्हणून’ नाही. अशोकानं धम्माची जी थोडी वचनं वाचायला सांगितली त्यात राहुलाला केलेल्या या उपदेशाचं नाव दगडावर कोरून ठेवलंय. सात वर्षांच्या पोराला स्वतः विचार करून ठरवता येतं, यावर बुद्धाचा भरवसा होता. आपला आहे का? आपण बुद्धवंदना पाठ करून घेतो, आणि पोरानं मधेच ‘म्हणजे काय?’ विचारलं की डोळे वटारतो.

आणि बघा, राहुलाला थट्टेतसुद्धा खोटं बोलू नको म्हणून शिकवणाऱ्या याच देशात भीमाला पाण्यासाठी खोटं बोलावं लागलं. पोराला सरळ वागायला शिकवायचं असेल तर सरळ वागून जगता येईल अशी जागाही करावी लागते. ती जागा करायचं काम पोराचं नाही. आपलं आहे.

इथं एक आई मला अडवते. दर वेळी अडवते, आणि तिला उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ती म्हणते, ‘भाऊ, तुमी शिकवाल पोराला मान वर करून बोलायला. तुमचं काय जातं? उद्या गावात बोललं आणि घरी आलंच न्हाई तर?’ ही बाई भित्री नाही. तिचं ‘गप बस’ हे पोराच्या अंगावर घातलेलं चिलखत आहे. तिला खर्डा ठाऊक आहे. २८ एप्रिल २०१४, नगर जिल्हा, नितीन आगे. सतरा वर्षांचा. वरच्या जातीतल्या पोरीशी बोलला, एवढ्यावरनं मारून झाडाला टांगला. २०१७ च्या नोव्हेंबरात आरोपी निर्दोष सुटले. बोलण्याची किंमत तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण मी तिला म्हणतो, ताई, तुझं एकटं पोर बोलेल तर मार खाईल, हे खरं. पाच पोरं बोलली तर? पाचांच्या मागं पाच आया आणि दोन कार्यकर्ते शाळेत जाऊन उभे राहिले तर? एकट्या पोराला धीट करून गावात सोडून देणं हा आपला धंदा नाही, ते क्लासवाल्यांचं काम. त्यांचं पोर एकटं चमकायला हवं असतं. आपल्या पोरांना एकमेकांच्या बाजूनं बोलता यायला हवं. ‘सर, त्याला पण पाणी पाहिजे.’ ‘बाई, ही रडतीय, हिला मारलं.’ संघटना म्हणजे दुसरं काय असतं? आपण ती कॉलेजात, हॉस्टेलवर गेल्यावर शिकवायला घेतो. तोवर पंधरा वर्षं त्या पोरानं फक्त स्वतःचा जीव वाचवायचा सराव केलेला असतो. मग आपण बोंब मारतो, की पोरं शिकली, नोकरीला लागली आणि समाजाला विसरली.

संघटनांवरनं आठवलं. १९७२ साली मुंबईत पँथर निघाली. नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं. नाव घेतलं, डरकाळी घेतली, चांगलंच केलं. पण त्या पँथरांनी १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधे एका चर्चात पोरांसाठी सकाळचा नाश्ता सुरू केला होता. शाळेत उपाशी पोर शिकत नाही, म्हणून रोज पहाटे उठून तरणीताठी क्रांतिकारक पोरं अंडी तळायची, दूध वाटायची आणि लेकरांशी बोलायची. बघता बघता ते गावोगाव पसरलं. एफबीआयचा हूवर बंदुकांइतकाच या नाश्त्याला घाबरला. पुढं १९७३ पासून १९८२ पर्यंत त्यांनी ओकलंडमधे स्वतःची शाळाच चालवली. पोर चुकलं तर मारायचं नाही. पोरांचंच मंडळ बसायचं, काय झालं विचारायचं, आणि पुढं काय करायचं ते पोरंच ठरवायची. आपल्याकडं डरकाळी आली, अंडी तळायचं मागं राहिलं. डरकाळीला फोटो निघतो, अंड्याला निघत नाही.

सरकारकडं बोट दाखवायचं तर नीट दाखवूया, निदान कलम तरी माहीत पाहिजे. मूळ संविधानाच्या ४५ व्या कलमात होतं की राज्यानं दहा वर्षांत चौदा वर्षं पुरी होईपर्यंतच्या सगळ्या बालकांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न करावा. चौदाची मर्यादा खाली खेचायची सूचना आली तेव्हा बाबासाहेबांनी संविधान सभेत ती चालू दिली नाही. चौदाच्या आतलं पोर कामाला लावायचं नाही असं आपण म्हणतो, तर ते शाळेत असलं पाहिजे, एवढा साधा हिशेब. त्या कलमाला खालची मर्यादा नव्हती. तीन वर्षांचं पोरही त्यात होतं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं काय केलं? सहा ते चौदाला मूलभूत हक्क दिला, त्याचा गाजावाजा केला, आणि सहाच्या आतल्यांना ‘प्रयत्न करावा’ मधे ठेवून दिलं. म्हणजे ज्या वयात पोर माणसात यायला शिकतं तेवढंच वय हक्कातनं वगळलं. पैसेवाल्यानं ते नर्सरीला विकत घेतलं. आपल्याला अंगणवाडी.

अंगणवाडीला नावं ठेवायला मी तयार नाही. कल्पना लाखमोलाची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीला, पुढं कोसबाडला हे केलं. पोरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी पोरांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. सरकारी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, ३३ प्रकल्पांपासून. पण आज ताईच्या हातात काय आहे? वजनकाटा, खिचडी, लसीकरण, सर्व्हे, आणि वर मोबाईलमधे भरायची माहिती. पोरांशी खेळायचं कधी? ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी ताया पन्नासावर दिवस संपावर होत्या. आपल्या बॅनरखालचे किती जण त्यांच्या मांडवात जाऊन बसले, हे प्रत्येक संघटनेनं आपापल्या रजिस्टरात बघावं.

आमच्या वस्तीत आम्ही काय करतो ते सांगतो. फार काही नाही. रविवारी सकाळी विहारात दीड तास. तीन ते सात वयाची पोरं. रांगेत बसवत नाही. रांगेला शेवट असतो, आणि शेवटी कोण बसायचं ते आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. गोल बसायचं. पहिलं काम, नाव सांगणं. पूर्ण नाव, आईचं, बापाचं. पक्या नाही, सोनी नाही, बारक्या तर नाहीच. ज्यांच्या आज्यापणज्यांना दगडू, कचरू, धोंड्या म्हणून हाक मारली गेली, त्यांच्या पोरानं आपलं नाव मोठ्यानं घेणं ही साधी गोष्ट नाही. मग जयभीम. याचं कारणही सांगतो पोरांना. पूर्वी आपली माणसं ‘जोहार मायबाप’ म्हणत, कमरेत वाकून, लांबून. आणि जोहाराला परत जोहार मिळत नसे. जयभीम ही हाक कामठीच्या बाबू हरदासांनी रुजवली. एकानं म्हटलं की दुसऱ्यानं तोच शब्द परत द्यायचा. आज्यानं नातवाला, नातवानं आज्याला. त्यात वरचा-खालचा राहत नाही. पोरांना हे लगेच कळतं, मोठ्यांना जरा वेळ लागतो.

पाणी एकमेकांना द्यायचं. पोरगेही देतात, पोरगीला. सुरवातीला एक आजोबा हसले होते. चेंडू एकच ठेवतो, मुद्दाम. दोन ठेवले तर भांडण होत नाही, आणि भांडण झालं नाही तर शिकायचं काय? भांडण झालं की दोघांना समोरासमोर बसवतो. नियम असा की आपली बाजू सांगायची नाही, समोरच्याची सांगायची. ‘त्याला वाटलं की मी मुद्दाम ढकललं.’ चार वर्षांच्या पोराला हे जमतं. आमच्या दोन गटांच्या अध्यक्षांना अजून जमलेलं नाही.

पलीकडच्या गल्लीतली मातंग पोरं येतात, दोन मुसलमानांची येतात, वैदूंची एक पोरगी येते. पहिल्या महिन्यात आपल्याच एका बाईनं विचारलं, ‘त्यांना कशाला?’ म्हणजे जातीची शिडी आपण तोडली नाही, आपली पायरी तेवढी झाडून घेतली. त्या बाईशी मी भांडलो नाही. तिच्या पोराला वैदूच्या पोरीशेजारी बसवलं, आता ती दोघं एकमेकांशिवाय डबा उघडत नाहीत.

मधे एक मोठे पुढारी विहार बघायला आले. बरोबर दहा माणसं, दोन कॅमेरे. त्यांनी गोलातल्या एका पोरीचा गालगुच्चा घेतला. साडेचार वर्षांची असेल. तिनं त्यांचा हात बाजूला केला आणि म्हणाली, ‘हात लावू नका, मला आवडत नाही. जयभीम म्हणा.’ सगळे हसले. साहेब हसले नाहीत. जाताना मला म्हणाले, पोरांना जरा वळण लावा. मी म्हटलं, साहेब, तेच लावतोय.

कुठल्या वस्तीत विहार आहे आणि त्याला आठवडाभर कुलूप असतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. किल्ली कुणाकडं असते ते आधी शोधा. चटई घरातनं न्या, माठ शेजारणीकडनं मागा, चेंडू वीस-तीस रुपयांत येतो. पोरांना बोलवायला जावं लागत नाही. बायकांवर ढकलू नका, कार्यकर्त्या पोरांनी स्वतः जमिनीवर बसायचं. आणि पहिल्या दिवशी भाषण करू नका.